प्रसाद, अवधान आणि पोटाची चिंता



मठात दर्शनाला येणारे भक्त आपापली दुःखे सांगतात. कोणी मुलाच्या नोकरीचे सांगतो, कोणी लेकीच्या लग्नाचे, कोणी बांधावरच्या भांडणाचे. ही दुःखे चारचौघांत बोलता येतात. परंतु एक दुःख असे आहे की ते चारचौघांत कोणी काढीत नाही. मंडळी पांगली की एखादा मागे रेंगाळतो आणि हळू आवाजात म्हणतो, "अप्पाजी, पोटाचं काही खरं नाही." मग एकेक उलगडत जाते. जेवले की पोट फुगते. सकाळी दोन-तीनदा जाऊनही कोठा साफ झाल्यासारखा वाटत नाही. बसमध्ये चढायचे म्हटले की मुरडा येतो. कोणाला चार चार दिवस होत नाही, कोणाच्या छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते. तपासण्या झाल्या, घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले, तरी त्रास जात नाही. आणि सर्वांत शेवटी तो जे सांगतो तेच त्याचे खरे दुखणे असते : "प्रसादाच्या पंगतीला बसायची भीती वाटते. म्हणून मठात येणंच कमी केलं."

ज्या मार्गात अन्न हे अन्न न राहता प्रसाद होते, त्या मार्गाच्या भक्ताला प्रसादाचीच भीती वाटावी, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून या महिन्यात शरणांच्या प्रसादतत्त्वाचा विचार या दुःखाच्या अंगाने करू.

प्रथम या दुःखाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, ती बाजूला सारू. एक मत असे की हे सगळे मनाचे खेळ आहेत, दुखणे वगैरे काही नाही. दुसरे मत असे की मनाचा पोटाशी काय संबंध, एखादे जालीम चूर्ण घेतले की झाले. ही दोन्ही मते अपुरी आहेत.

मनाचा पोटाशी संबंध आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. हितकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय आणि क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसाला ते पचत नाही, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. त्याच ग्रंथात अतिसाराचे सहा प्रकार सांगताना वात, पित्त, कफ व सन्निपात यांच्या जोडीला भयापासून होणारा आणि शोकापासून होणारा असे दोन प्रकार वेगळे मोजले आहेत. त्यांवरचा उपाय सांगताना रोग्याला हर्ष आणि आश्वासन द्यावे, असेही म्हटले आहे. भ्यालेल्याला धीर देणे हासुद्धा औषधाचाच भाग, ही दृष्टी किती जुनी आहे पाहा.

पाश्चात्त्य वैद्यकालाही हेच दिसले. अमेरिकेत १८२२ साली एका तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या पोटाला पडलेले छिद्र कायमचे उघडे राहिले. ब्यूमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून जठराचे काम वर्षानुवर्षे पाहिले व १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. राग किंवा भीती आली की जठराच्या आतील अस्तराचे रूप आणि त्यातला रस बदलतो, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले.

आज आपल्याला याचे कारणही कळले आहे. आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे आहे आणि त्यात दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. मेंदूपासून पोटापर्यंत गेलेली एक मोठी नस या जाळ्याला मेंदूशी जोडते. नवलाची गोष्ट अशी की तिच्यातील बहुसंख्य तंतू पोटाकडचा निरोप मेंदूकडे नेणारे आहेत. म्हणजे मन पोटाला सांगते त्याहून अधिक पोटच मनाला सांगत असते. माणूस भ्याला की जठर मंदावते, मोठे आतडे मात्र घाई करू लागते. परीक्षेच्या दिवशी मुलाला वारंवार जावे लागते ते यामुळेच. काहींच्या आतड्यांचे तंतू इतके हळवे होतात की इतरांना जाणवतही नाही एवढ्या वाऱ्यानेही त्यांना कळ येते. डॉक्टर याला 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' किंवा थोडक्यात 'आयबीएस' म्हणतात. येथे दुर्बिणीत जखम दिसत नाही, पण कळ खरी असते. तेव्हा 'तपासणीत काही निघाले नाही' याचा अर्थ 'तुम्हाला काही होत नाही' असा करू नये. घरच्यांनी तर मुळीच करू नये.

आता दुसरी बाजू. सगळे दुखणे मनावर ढकलणेही तितकेच चुकीचे. जठरातील व्रणाला, म्हणजे अल्सरला, काळजी आणि तिखट खाणे हेच कारण असे अनेक वर्षे मानले जात होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अशा रोग्यांच्या जठरातील एक जंतू वेगळा काढला. पुष्कळशा व्रणांचे मूळ त्या जंतूत आहे व तो औषधाने जातो, हे पुढे सिद्ध झाले. २००५ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. काळजी सोडा, असे सांगून घरी पाठवलेल्या कितीतरी रोग्यांना खरी गरज होती ती औषधाची. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की पोटाचे दुखणे आधी डॉक्टरांना दाखवावे. शौचावाटे रक्त पडणे, काळे डांबरासारखे शौच होणे, वजन आपोआप उतरणे, अंगातले रक्त कमी होणे, घास गिळताना अडकणे, ताप राहणे, रात्री झोपेतून उठावे लागणे, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही असेल तर अंगारा, काढा, उपवास यांत एक दिवसही घालवू नये. लिंगपूजा डॉक्टरांना पर्याय नाही. ज्या देहाला शरणांनी देवालय मानले, त्या देवालयाची डागडुजी वेळेवर करणे हीदेखील पूजाच होय.

तपासण्या झाल्या, औषध सुरू झाले, तरी रोज सोबत राहणारा जो त्रास उरतो, त्याच्याशी कसे राहावे हा खरा प्रश्न. येथे दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली असतात. एक पोटाचे आणि दुसरे त्या पोटाच्या भीतीचे. आज पंगतीत काय होईल, गाडीत काय होईल, लोक काय म्हणतील. भीतीने आतडे आवळते, आवळले की दुखते, दुखले की भीती वाढते. घाण्याच्या बैलासारखे हे फिरणे चालू राहते. पहिले दुखणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. दुसरे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे, आणि त्यावर शरणांनी आपल्याला एक साधन देऊन ठेवले आहे.

षट्स्थलांत तिसरे स्थल प्रसादीचे. भक्तस्थलाची श्रद्धा, महेशस्थलाची निष्ठा, तशी प्रसादीस्थलाची भक्ती कोणती? तिला अवधान असे नाव आहे. शरणांनी प्रसादाशी अवधान का जोडले असेल? अन्न समोर आले की मन सर्वांत लवकर सुटते म्हणून. कोणाचे मन चवीमागे धावते, कोणाचे भीतीमागे.

अवधान म्हणजे लक्ष. तुम्ही म्हणाल, "आमचे तर चोवीस तास पोटाकडेच लक्ष आहे." बाबांनो, ते अवधान नव्हे, ती चिंता होय. या दोहोंतला भेद नीट समजून घ्या. चिंता पुढच्या घटकेकडे पाहते, अवधान या घटकेकडे पाहते. चिंता विचारते, "आता काय होईल?" अवधान विचारते, "आता काय आहे?" चिंतेच्या तोंडात घास असतो आणि मन शौचालयाच्या दाराशी उभे असते. अवधानाच्या तोंडात घास असतो आणि मनही त्या घासातच असते. आई पाळण्यातल्या लेकराकडे पाहते आणि सावकार कर्जदाराच्या दाराकडे पाहतो. दोघांचेही डोळे लागलेले असतात, पण पाहण्यात किती अंतर! आपल्या पोटाकडे सावकारासारखे पाहू नका, आईसारखे पाहा.

आता अर्पणाचा विचार करू. आपल्या परंपरेत अन्न तीन प्रकारे लिंगाला अर्पण होते. पदार्थाचे रूप इष्टलिंगाला, रुची प्राणलिंगाला आणि तृप्ती भावलिंगाला. हे तिन्ही शब्द मनाशी घोळवून पाहा. यांत पळीचे, वाटीचे, पोळ्यांच्या संख्येचे नाव कोठे आहे? रूप एका घासातही असते. रुची एका घासातही कळते. तृप्ती तर मोजमापात बसतच नाही. खपली गव्हाच्या खिरीचा एक चमचा अवधानाने जिभेवर ठेवून अर्पण करणारा आणि तीन वाट्या ओरपून ढेकर देणारा, यांत प्रसाद कोणी घेतला हे तुम्हीच ठरवा. ज्याने पोट दुखेपर्यंत खाल्ले त्याने तृप्ती गमावली. मग भावलिंगाला तो काय अर्पण करणार?

काही भक्तांना वाटते, प्रसाद टाकू नये असा नियम आहे, मग नाही कसे म्हणावे? नियम खरा आहे. पण तो नीट वाचा. ताटात उरवू नये हा नियम आहे. ताट भरून घ्यावे असा नियम नाही. वाढप्याला आधीच हात जोडून "एवढेच" म्हणावे, आणि घेतले तेवढे समाधानाने संपवावे. यात प्रसादाचा अवमान नाही. उलट घेतलेले टाकावे लागणे, किंवा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी कायक बुडणे, यात अवमान आहे.

येथे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांचे चरित्र आठवावे. कल्याणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्यातूनच त्यांचा संसार आणि जंगम दासोह चाले. एके दिवशी मारय्यांनी नित्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि आपल्या गरजेपेक्षा जास्तीचे जेथून आणले तेथे परत नेऊन टाका असे पतीला सांगितले. ही कथा आपण लोभावर सांगतो. पण ती जशी घरातल्या कोठीला लागू आहे, तशी देहातल्या कोठ्यालाही लागू आहे. आज या देहाची गरज किती, हे ओळखून तेवढेच घेणे आणि जास्तीचे शांतपणे परत करणे, ही लक्कम्मांची शिकवण आहे. आणि आपली आजची गरज शेजाऱ्याच्या गरजेएवढीच असली पाहिजे असे थोडेच आहे?

आता आणखी एक नाजूक गोष्ट, जी विशेषतः माताभगिनी विचारतात. सकाळी वारंवार जावे लागते, प्रत्येक वेळी स्नान होत नाही, अशा अंगाने इष्टलिंग हातावर कसे घ्यावे? एका घरातील सून याच शंकेने दीड वर्ष लिंगपूजा सोडून बसली होती. घरात वडीलधाऱ्यांनी 'अपवित्र' असा एक शब्द उच्चारला आणि तो तिच्या मनात काट्यासारखा रुतला. आम्ही तिला एवढेच विचारले, "मुली, तू शौचाला जातेस तेव्हा इष्टलिंग काढून ठेवतेस का?" ती म्हणाली, "नाही अप्पाजी, ते अंगावरून कधीच उतरवायचं नसतं." मग आम्ही म्हणालो, "जो त्या वेळीही तुला सोडीत नाही, त्याला तू का सोडतेस?"

सद्भक्तहो, शरणांनी जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती अशी पाचही सूतके नाकारली. लिंगधारी देहाला विटाळ शिवत नाही, असा त्यांचा ठाम निर्धार होता. ज्यांनी एवढे मोठे ओझे आपल्या डोक्यावरून उतरवले, त्यांच्या लेकरांनी आजारी आतड्याचे नवे सूतक निर्माण करू नये. हातपाय स्वच्छ धुवावेत, भस्म लावावे आणि पूजेला बसावे. मध्येच उठावे लागले तर उठावे, हात धुऊन पुन्हा बसावे. यात लाज नाही, दोषही नाही.

या पूजेतच चिंतेवरचे एक साधन आहे. जेवणापूर्वी किंवा सकाळी दहा मिनिटे डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन दृष्टी स्थिर करावी. श्वास छातीत न अडवता पोटापर्यंत जाऊ द्यावा आणि घेण्यापेक्षा सोडण्याला जरा अधिक वेळ द्यावा. सावकाश श्वासाने शरीराची घाई उतरते, हे डॉक्टरही सांगतात. आयबीएसच्या काही रोग्यांना मन शांत करण्याचे व विचारांना वळण लावण्याचे उपचार देतात आणि त्यांचा गुण येतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. मात्र पूजा करताना 'आता पोट बरे झाले का' असे दर क्षणी तपासत बसू नये. नाहीतर अवधानाची पुन्हा चिंता होते.

रोजच्या वागण्याविषयी थोडे. दोन-तीन आठवडे एका वहीत काय खाल्ले, झोप कशी होती, मन कसे होते आणि पोट कसे राहिले, एवढे लिहावे. पुष्कळदा असे आढळते की ज्या पदार्थाला आपण दोष देत होतो तो निर्दोष असतो आणि दोष जागरणाचा किंवा घाईने गिळलेल्या जेवणाचा असतो. जेवताना मोबाइल आणि घरातले वाद दोन्ही दूर ठेवावेत. अनेकांना मोठेपणी दूध पचत नाही. त्यांनी ताक घेऊन पाहावे. कांदा, लसूण, गहू, काही कडधान्ये यांनी कित्येकांना वारा धरतो. डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती थोडे आठवडे कमी करून, मग एकेक परत सुरू करून पाहावीत. सर्वच कायमचे सोडून नुसत्या ताकभातावर राहिल्यास अंगातली शक्ती जाते. इसबगोल थोड्यापासून सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास पुष्कळांना उतार पडतो. डॉक्टर कधी कधी अशी गोळी देतात की जी मोठ्या मात्रेत औदासीन्यावर वापरतात. चिठ्ठी वाचून "मी काय वेडा आहे?" असे म्हणून ती टाकून देऊ नये. कमी मात्रेत ती आतड्याच्या हळव्या तंतूंना शांत करते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे. मनाने औषध बंद करू नये.

कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या कपिलधार यात्रेला जाण्याची इच्छा असूनही पोटाच्या धास्तीने घरी बसणारे भक्त आहेत. त्यांनी एकदम मोठा पल्ला घेऊ नये. आधी गावातल्या मठापर्यंत यावे, मग जवळच्या गावी जावे, मग पुढे. सोबत्यांपैकी एका विश्वासाच्या माणसाला आधी सांगून ठेवावे. दुःख एकाला सांगितले की निम्मी धास्ती तेथेच उतरते.

शेवटी दासोह करणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे आग्रहाची मोठी हौस. "एवढ्यानं काय होतं, अजून एक घ्या, आमची शपथ आहे!" हा आग्रह प्रेमाचा असतो, परंतु समोरचा माणूस कोणत्या यातनेत आहे हे वाढणाऱ्याला ठाऊक नसते. दासोहात देणाऱ्याने 'मी देतो' हा भाव सोडायचा असतो. आग्रहात तोच भाव मागल्या दाराने आत येतो. पाहुण्याने एकदा पुरे म्हटले की पळी मागे घ्यावी. पंगतीत साधा भात, मऊ भाकरी आणि ताक यांची सोय असावी. आणि मठांनी, देवस्थानांनी शौचालये स्वच्छ ठेवून त्यांची वाट दाखवणारी पाटी ठळक लावावी. कोणाला न विचारता वाट सापडली तर एखादा भक्त निर्धास्तपणे प्रवचनाला बसू शकेल. तेही दासोहच.

ज्यांच्या पोटाला हा त्रास आहे त्यांना आमचे सांगणे एवढेच. तुमचे पोट तुमचा वैरी नव्हे, ते याच देवालयातले एक हळवे दालन आहे. तेथे दुखेल त्या दिवशी औषध घ्या, विसावा घ्या, एकच घास घ्या. पण तो घास भीतीला अर्पण करू नका, लिंगाला करा. पंगतीत तुमची जागा आहे. तुम्ही किती खाता हे तेथे कोणी मोजत नाही, आणि ज्याला अर्पण करायचे तो तर मुळीच मोजत नाही. या, बसा, रुचेल तेवढे घ्या.

सर्वांना आरोग्य आणि तृप्ती लाभो.

शरणु शरणार्थी.